गिरणी त्याच खोलीत, कॉम्प्युटरही त्याच खोलीत

मी मुळशी तालुक्यातल्या नेऱ्याहून बोलतेय. पनवेलजवळ एक नेरे आहे, ते वेगळं. आमचं नेरे मारुंजी-हिंजवडीच्या शेजारचं. बचत गटांच्या समन्वयाचं काम करते. एरवी मी तुमच्याशी हप्ते, बँकेची कागदपत्रं, मालाची लेबलं यावर बोलते. आज बोलणार आहे तापणाऱ्या कॉम्प्युटरवर. रेडिओ बंद करू नका, ही गोष्ट हप्त्यापासूनच सुरू होते.

आमच्या एका गटात एका घरच्या सासू-सुना दोघी आहेत. सासूबाईंनी तीन वर्षांपूर्वी गटाकडून कर्ज घेऊन घरगुती पिठाची गिरणी आणली. भाजणी, ज्वारी-बाजरी, तांदळाची पिठी, सगळं दळून देतात. सून बारावी झालेली, हाताला चपळ. तिनं मागच्या वर्षी ३०,००० रुपये उचलून सेकंडहँड कॉम्प्युटर घेतला. लग्नपत्रिका करायच्या, बारशाचे, डोहाळेजेवणाचे व्हिडिओ जोडून द्यायचे, असा तिचा धंदा. व्हिडिओच्या कामाला लागतं म्हणून त्यात वेगळं ग्राफिक्स कार्ड होतं. सहा महिने हप्ते अगदी वेळेवर आले. मग एक चुकला. मग दुसरा. पंचसूत्रीत नियमित परतफेड येते, ती आपण सगळ्या बैठकीत म्हणतो, त्यामुळे बाकीच्या बायका कुजबुजायला लागल्या. म्हणून मी घरी गेले.

घरात वेगळंच चाललं होतं. कॉम्प्युटर मधेच काळा पडायचा. नवरा म्हणत होता, विकून टाक, आपलं ते काम नाही. जाऊबाईंच्या मुलानं त्यावर दोनदा गेम खेळला होता, तेव्हा बिघडवला त्यानंच, असं सगळ्यांनी ठरवून टाकलेलं. पोरगं त्या खोलीत पाय टाकत नव्हतं. दुरुस्तीवाल्यानं न उघडताच सांगितलं होतं, कार्ड गेलं, ९,००० रुपये लागतील. आणि सून मला हळूच म्हणाली, "ताई, हप्ता भरू की कार्ड घेऊ?"

मी बी.ए. झालेली बाई, इंजिनिअर नाही. पण एमएस-सीआयटी केलंय, आणि आमच्याकडे भाड्यानं राहणारा एक मुलगा हिंजवडीत कंपनीत आहे, त्याला फोनवर विचारता येत होतं. त्याचा पहिला प्रश्न होता, "ताई, कोणतं काम करताना बंद पडतो?"

हा प्रश्न लक्षात ठेवा. गटाचे हिशेब लिहिताना, पत्रिका करताना कॉम्प्युटर तासन्‌तास चालायचा. व्हिडिओ तयार करायला लावला की दहा-बारा मिनिटांत पंखा जोरात घोंघावायचा, पडद्यावर रंगीत ठिपके, आडव्या रेघा यायच्या आणि पडदा काळा. पण व्हिडिओतली सनई ऐकू येत राहायची. म्हणजे कॉम्प्युटर जिवंत, चित्र दाखवणारा भाग तेवढा गळाठलेला. अख्खा डबाच एकदम बंद पडला असता तर वीज पुरवणारा भाग किंवा मुख्य प्रोसेसर तपासायला लागला असता. इथं बोट ग्राफिक्स कार्डाकडेच जात होतं.

आपण ज्याला सगळे 'सीपीयू' म्हणतो तो खरं तर नुसता डबा, कॅबिनेट. त्याच्या आत मुख्य पाटीवर हे कार्ड आडवं खोचलेलं असतं. पडद्यावरचं चित्र काढणं हे त्याचं काम. काम वाढलं की त्याच्या चिपला वीज जास्त लागते आणि ती वीज शेवटी उष्णता होऊन बाहेर पडते. ती ओढून घ्यायला चिपवर ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्या बसवलेल्या असतात, त्यांना हीटसिंक म्हणतात. मोटारसायकलच्या इंजिनाला बाहेरून पट्ट्या असतात ना, तसंच. त्या पट्ट्यांमधून पंखा हवा फिरवतो. हवा अडली की चिप तापते, तापली की आधी स्वतःच काम हळू करते, आणि तरीही तापत राहिली की बंद पडते. बंद पडणं हा तिचा स्वतःला वाचवायचा उपाय आहे. म्हणजे पडदा काळा पडला म्हणून कार्ड मेलं, असं लगेच धरू नये.

ताप बघायला थर्मामीटर कॉम्प्युटरातच असतो. विंडोज १० ची २०२० नंतरची आवृत्ती किंवा विंडोज ११ असेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडतो. त्यात परफॉर्मन्समध्ये जीपीयू असं लिहिलेलं असतं, तिथे वेगळ्या कार्डाचं तापमान दिसतं. तिथं नाही दिसलं तर एचडब्ल्यूमॉनिटर नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे. जोराचं काम चालू असताना ७०-८० अंश असणं बहुतेक कार्डांना चालतं. ९० च्या वर सारखं जात असेल तर हात घालायलाच हवा. आमच्या सूनबाईंचा आकडा नुसता कॉम्प्युटर चालू करून ठेवला तरी ५८ होता, आणि व्हिडिओ लावल्यावर आठ मिनिटांत ९३.

मग मी खोलीकडे नीट बघितलं. आधीच बघायला हवं होतं. एका भिंतीला गिरणी. तिच्यापासून चार हातांवर टेबल, टेबलाखाली भिंतीला चिकटवून कॅबिनेट. वर पत्रा. आणि कॅबिनेटवर सासूबाईंनी जुन्या साडीचं शिवलेलं छानसं कव्हर, काठाला झालर लावलेली. पीठ उडतं म्हणून त्यांनी मायेनं घातलेलं. सून काम करताना पुढचा भाग तेवढा वर करायची, मागचा झाकलेलाच. गरम हवा बाहेर पडायची वाट तीच.

ही दोन्ही कर्जं मीच मंजुरीला ठेवली होती. अर्जात आम्ही धंदा विचारतो, उत्पन्न विचारतो, जामीनदार विचारतो. मशीन घरात कुठे ठेवणार, हे एका ओळीत विचारलं नव्हतं. सासूचं कर्ज सुनेच्या कर्जाला बुडवत होतं, आणि पोराला उगाच बोलणी बसत होती.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघींनी डबा उघडला. कसा, ते सांगते. मशीन नवं असेल आणि वॉरंटी चालू असेल तर उघडू नका, दुकानातच न्या. आमचं सेकंडहँड होतं. आधी कॉम्प्युटर नीट बंद केला, पिन भिंतीतून काढली, आणि मग चालू करायचं बटण काही सेकंद दाबून धरलं, म्हणजे आत उरलेली वीज निघून जाते. थंडीत स्वेटर काढताना चटचट आवाज येतो, ठिणगी दिसते, तेवढी वीजसुद्धा चिपला पुरते. म्हणून नायलॉनची साडी नको, आणि मधून मधून डब्याच्या लोखंडी भागाला हात लावायचा. वीज पुरवणारा जो चौकोनी डबा आत असतो, ज्यातून वायरी निघतात, तो मात्र कधीच उघडायचा नाही. पिन काढल्यावरही त्यात झटका बसेल इतकी वीज राहू शकते.

बाजूचं झाकण दोन स्क्रूंवर असतं. ते काढलं आणि सासूबाई नुसत्या बघत राहिल्या. कार्डाच्या पट्ट्यांमध्ये पिठाचा थर बसलेला. पावसाळ्यातली मुळशीची दमट हवा लागून तो घोंगडीसारखा घट्ट झालेला. पंख्याच्या पात्यांवर वेगळा. त्यात बाहेरच्या रस्त्याच्या, बांधकामाच्या लाल धुळीची भर. त्या म्हणाल्या, "बाई गं, हे तर माझ्या गिरणीचं."

कार्ड काढताना घाई करू नका. मागचा स्क्रू काढायचा, वीज देणारी वायर असेल तर तिची कळ दाबून सोडवायची, आणि खाचेच्या टोकाला एक छोटी खिट्टी असते ती दाबून कार्ड कडेला धरून सरळ वर उचलायचं. सोनेरी दातांना बोट लावायचं नाही. मग रंगकामाचा नवा, कोरडा, मऊ ब्रश आणि हातानं दाबायचा फुगा, एवढ्यावर काम झालं. पंख्याचं पातं एका बोटानं धरून ठेवा, हवेच्या झोतानं ते भिंगरीसारखं फिरलं तर बिघडतं. ओलं फडकं नको, घरचा व्हॅक्यूम क्लीनरही नको, त्यानंसुद्धा ती ठिणगीची वीज तयार होते. हे काम अंगणात करा, नाहीतर काढलेली धूळ खोलीतच बसते.

परत बसवून लावलं तर आकडा ९३ वरून ८४ वर आला. बरा, पण अजून खूपच. भाडेकरू मुलगा म्हणाला, थर्मल पेस्ट वाळली असेल. शेगडीवर वाकड्या बुडाचं पातेलं ठेवलं तर मधे पोकळी राहते आणि आच नीट पोचत नाही, तसं चिप आणि हीटसिंकमध्ये डोळ्यांना न दिसणाऱ्या फटी असतात. त्या भरायला ही पेस्ट. काही वर्षांत ती सुकते. नळी दोन-तीनशे रुपयांत मिळते. हे काम मात्र आम्ही दुसऱ्या एका जाणत्या दुरुस्तीवाल्याकडून, समोर उभं राहून करून घेतलं. बारीक स्क्रू, नाजूक चिप, तिथं धाडस नको. पेस्ट संपली म्हणून दात घासायची पेस्ट लावणारे लोक आहेत, त्यांचं ऐकू नका. ती दोन दिवसांत वाळून पापडी होते.

तेवढे दिवस सुनेचं काम थांबलं नाही. बऱ्याच कॉम्प्युटरांत साधं चित्र दाखवायची सोय मुळातच असते. कार्ड काढून पडद्याची वायर मुख्य पाटीच्या खाचेत लावली आणि पत्रिकांचं काम चालू राहिलं. त्यावरून एक सांगते. गटाच्या वह्या, ऑनलाइन अर्ज, पत्रव्यवहार एवढंच करायचं असेल तर वेगळ्या कार्डावर पैसे घालूच नका.

आणि सेकंडहँड घेताना जपा. २०२१ मध्ये कार्डांच्या किमती आभाळाला भिडल्या होत्या, कारण लोक इथेरियमसारखं आभासी चलन मिळवायला ती रात्रंदिवस चालवत होते. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमनं ती पद्धत बंद केली आणि जगभर अशी दमलेली कार्डं स्वस्तात विकायला निघाली. बाहेरून पुसून ती नव्यासारखी दिसतात. पुण्यात तपकीर गल्लीत घ्या नाहीतर ओळखीच्याकडून घ्या, "माझ्यासमोर अर्धा तास जोराचं काम लावून दाखवा आणि आकडा दाखवा" असं म्हणायला लाजू नका. आपण गाय घेताना दूध काढून बघतोच की.

काही जण झाकण काढून समोर टेबल फॅन लावायला सांगतात. अडचणीला एक दिवस ठीक. गिरणीच्या खोलीत तसं केलं तर आठवड्यात पुन्हा घोंगडी.

आमच्या सूनबाईंचा कॉम्प्युटर आता आतल्या खोलीत आहे, भिंतीपासून वीतभर पुढे, जमिनीवरून पाटावर चढवलेला. आतल्या खोलीला कौलं आहेत, त्याचाही फायदा झाला. चैत्र-वैशाखात पत्र्याखाली खोलीच चाळीस अंशांवर गेली तर कार्डाचा आकडाही तेवढा वर सरकतो. झालरीचं कव्हर काम संपवून मशीन थंड झाल्यावरच घालायचं, असं ठरलं. सासूबाईंना ते फेकून द्यायचं होतं, सुनेनं दिलं नाही. व्हिडिओ लावल्यावर आकडा आता ७१ च्या आसपास राहतो. एकूण खर्च ६५० रुपये, ब्रशसकट. चुकलेले दोन हप्ते तिनं तीन महिन्यांत भरून काढले, आणि गटाच्या ठरावानं त्यावरचा दंड माफ झाला. दंडाच्या बाजूनं बोलणाऱ्याही दोघी होत्या, त्यांचं म्हणणंही अगदीच चूक नव्हतं. पुढच्या कर्जाच्या अर्जात आम्ही एक ओळ वाढवली: मशीन कुठे ठेवणार?

पोराला काकूनं बोलावून घेतलं. आता महिन्याच्या बैठकीच्या आदल्या दिवशी फुगा धरायला तोच असतो. ब्रश फिरवून झाला, कॉम्प्युटर लावला, की सासूबाई गिरणीपाशी उभ्या राहून तिथूनच विचारतात, "किती आला गं ताप?"