अकरा महिन्यांचं पीक, अर्ध्या तासाची सुगी
(जिल्हा बैठकीतील भाषणाचा मजकूर)



कापसाच्या बैठकीत घोड्याचं काय काम, असं काहींच्या मनात आलं असेल. बोलावणं आलं तेव्हा आमच्याही आलं होतं. पण दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या बाजारात तुमच्याकडचे पंधरा-वीस जण आमच्या दावणीपाशी येऊन बसले होते आणि सगळ्यांचा प्रश्न एकच होता, "कापसाला जोड म्हणून एखादी घोडी पाळली तर परवडेल का?" बाजारात उभ्या उभ्या या प्रश्नाचं खरं उत्तर देता येत नाही. बाजारात दिसतं ते जगलेलं शिंगरू. न जगलेलं शिंगरू बाजारात येतच नाही. त्याची गोष्ट सांगायला आम्ही आलो आहोत.

आम्ही म्हणजे तापीकाठची चार घरं. शेती कोरडवाहू, कापूस, ज्वारी, थोडी तूर. चौघांच्या दावणीला मिळून सात घोड्या. शर्यतीचे घोडे आमच्याकडे नाहीत. वरातीत नाचणारे, कुणा हौशी माणसाच्या दारात शोभेला बांधायचे देशी घोडे. थोडे मारवाडी, थोडे काठेवाडी, बरेचसे या दोहोंच्या मधले.

आता गणित. घोडी दिवस मोठा होऊ लागला की माजावर येते. माघापासून पावसाळ्याच्या तोंडापर्यंत तिचा हंगाम. पोटात शिंगरू राहतं ११ महिने, म्हणजे ३४० दिवसांच्या आसपास, त्यात पंधरा-वीस दिवस पुढेमागे. वर्षाच्या ३६५ दिवसांतून ३४० वजा करा. उरले २५. दरसाल शिंगरू हवं असेल तर व्याल्यापासून या २५ दिवसांत घोडी पुन्हा फळली पाहिजे. व्याल्यावर सातव्या ते दहाव्या दिवशी तिला पहिला माज येतो, तो चुकला किंवा ठरला नाही की हातात आणखी एकच संधी. तीही गेली की पुढचं शिंगरू उशिरा, आणि असं दोनदा झालं की एक वर्ष कोरडं. घोडी मात्र त्या कोरड्या वर्षीही रोज खाते. पुण्याकडच्या शर्यतीच्या घोड्यांच्या मोठ्या स्टडफार्मवर हिवाळ्यात रात्री उशिरापर्यंत दिवे लावून घोड्यांना दिवस मोठा झाल्याचं भासवतात, कारण त्यांच्या नियमात प्रत्येक शिंगराचा वाढदिवस १ जानेवारीलाच धरला जातो. जानेवारीत जन्मलेलं आणि मे महिन्यात जन्मलेलं एकाच वयाचं! आमच्या गावात माणसांनाच रात्रीची वीज नाही, तिथं घोडीला कुठून आणायची?

आमची घोडी फाल्गुन-चैत्रात विते. कापूस विकून झालेला असतो, आलेले पैसे देणेकऱ्याकडे गेलेले असतात, विहिरीनं तळ गाठलेला असतो. आणि ते शिंगरू आठ-नऊ महिन्यांचं होऊन मार्गशीर्षात जत्रेला उभं राहतं, सारंगखेड्याला किंवा नांदेडकडच्या माळेगावला. घोडा लावायचे पैसे मात्र रोख आणि आधी. जत्रेत घेणारा येतो तो आधी भोवरे बघतो. देवमण असला तर बोली चढते, डोळ्याखाली भोवरा निघाला तर तेच धडधाकट शिंगरू पाडून मागतात. भोवऱ्यानं घोडा धावायचा थांबतो का? पण भाव घेणारा ठरवतो, हे तुम्हाला आम्ही नव्यानं काय सांगावं.

गिऱ्हाईकही पूर्वीइतकं नाही. २०१२ च्या पशुगणनेत देशात सव्वासहा लाखांच्या घरात घोडे-तट्टू होते, २०१९ च्या गणनेत ३ लाख ४० हजार उरले. टांगे गेले, ओझ्याची तट्टं गेली. हौस तेवढी उरली, आणि हौशीचा बाजार पाऊसपाण्यासारखा असतो.

वैरणीचं बोलू, कारण घरचा कडबा आहे म्हणून घोडी परवडेल असं तुमच्यातले बरेच जण म्हणाले. वाळलेला, स्वच्छ, बुरशी नसलेला कडबा चालतो. पण गाभण घोडी हिरव्या ज्वारीत चरायला सोडू नका. कोवळी ज्वारी गुरांना लागते हे आपल्याला ठाऊक आहे. घोड्याचं दुखणं वेगळं असतं. हिरव्या ज्वारीवर घोडी बरेच दिवस राहिली तर लघवीवरचा ताबा जातो, मागचे पाय लटपटतात, आणि पोटातल्या शिंगराचे सांधे आखडतात. ते जन्मतंच वाकड्या पायाचं, नाहीतर गाभडतं. दुसरं, कोंबड्यांचं तयार खाद्य घोडीच्या तोंडी लागू देऊ नका. त्यात मोनेन्सिन नावाचं औषध असू शकतं. कोंबडीला ते पचतं, घोड्याच्या काळजावर जातं. थोडंसंही पुरतं.

गाभण घोडी जत्रेतही नेऊ नये. गाभण म्हणून चार पैसे जास्त मिळतात, मोह होतो, हे कबूल. पण दहा गावची जनावरं तिथं एकत्र येतात आणि घोड्यांचा एक विषाणू असा आहे की मोठ्या घोड्याला नुसतं सर्दी-पडसं होतं, गाभण घोडीचं शिंगरू शेवटच्या महिन्यांत पडतं.

आता ती रात्र. घोडी बहुतेक रात्रीच विते, माणसाची पाठ वळली की विते. आधी दोन-चार आठवडे कास भरत येते. शेवटच्या एक-दोन दिवसांत सडांच्या टोकाला मेणासारखे थेंब धरतात. ते दिसले की आमच्या घरात झोपेच्या पाळ्या लागतात, आणि खरं सांगायचं तर त्यातल्या मोठ्या पाळ्या बायकाच करतात. घोडी घामेजते, कुशीकडे वळून बघते, उठबस करते. पाणमोट फुटली की घड्याळ बघायचं. तिथून वीस-तीस मिनिटांत शिंगरू जमिनीवर आलं पाहिजे. गाय अडली तर तास-दोन तास वाट बघायची आपल्याला सवय. घोडीपाशी ती सवय घात करते. आधी पुढचे दोन पाय, एक जरा पुढे, खूर खाली वळलेले, आणि गुडघ्यांवर टेकलेलं नाक, असं दिसलं तर हात न लावता बाजूला बसावं. पांढुरक्या-निळसर पडद्याऐवजी लाल मखमलीसारखी पिशवी आधी दिसली, तर मात्र डॉक्टरची वाट बघायची नाही. वार आतून सुटलेली असते, शिंगरू गुदमरत असतं. ती पिशवी तिथंच फाडायची आणि घोडी कळ देईल तसं शिंगरू ओढून घ्यायचं.

पुढं एक, दोन, तीन लक्षात ठेवा. शिंगरू १ तासात उभं राहिलं पाहिजे, २ तासांत प्यायलं पाहिजे, आणि घोडीची वार ३ तासांत पडली पाहिजे. गाईची वार सकाळपर्यंत राहिली तरी आपण घाबरत नाही. घोडीची राहिली तर ताप चढतो, खूर धरतात, घोडीच जाते. त्याच रात्री डॉक्टर हवा. नाळ कापू नका, आपोआप तुटू द्या, आणि बेंबी पातळ केलेल्या आयोडीनमध्ये बुडवा. चिकाचं तर काय सांगावं! माणसाच्या बाळाला रोगाशी लढायची थोडीफार शिदोरी आईच्या पोटातच मिळते. शिंगराला ती मिळत नाही. सगळी चिकातून यायची, आणि पहिल्या सहा-आठ तासांत. दिवस उलटला की त्याचं आतडं ती आत घेत नाही. मग चौथ्या-पाचव्या दिवशी सांधे सुजतात, आणि शिंगरू मान टाकतं.

आमच्या एका हंगामाचा हिशेब मांडतो. चार घोड्या लावल्या. एक फळलीच नाही. दुसरीनं सातव्या महिन्यात जुळं टाकलं, त्यातलं एक मांजराएवढं. घोडीला जुळं ही बरकत नव्हे, तिचं पोट दोघांना पुरत नाही. लावल्यापासून चौदा ते सोळा दिवसांत सोनोग्राफीत जुळं दिसतं आणि जाणता डॉक्टर त्यातलं एक तेव्हाच हातानं दाबून मोडतो. स्टडफार्मवर ते नेमानं होतं. आमच्या तालुक्यात मशीन गाईला लावायलाही नव्हतं. तिसरी व्याली ती रात्री एकला. शिंगराचा एक पाय मागं अडकलेला. दवाखान्याला कुलूप, फोन लागेना. डॉक्टर पोचले ते उजाडल्यावर. घोडी वाचली, शिंगरू गेलं. वछेरी होती, कुमैत रंगाची, चारही पाय पांढरे. आमच्या घरातल्या म्हातारीनं रडता रडता त्या घोडीचा चीक काढला आणि बाटली भरून फाट्यावरच्या कुल्फीवाल्याच्या डीप फ्रीजमध्ये ठेवायला लावली. लोक हसले.

नऊ दिवसांनी चौथी व्याली. तिचं दूध दोन दिवस आधीपासूनच गळत होतं, म्हणजे चीक वाहून गेलेला. कुल्फीवाल्याला मध्यरात्री उठवलं. ती बाटली कोमट पाण्यात ठेवून विरघळवली, उकळायची नाही, उकळला की चिकातला दम जातो, आणि तासातासानं थोडं थोडं पाजलं. ते शिंगरू जगलं. पुढच्या दत्तजयंतीला बाजारात उभं होतं. तुमच्यातले जे म्हणत होते की "असं एखादं दारात हवं", ते त्याच्याकडेच बोट दाखवत होते.

चार घोड्या, एक शिंगरू. बऱ्या सालात तीनही येतात, तेही सांगितलं पाहिजे, नाहीतर आम्ही कशाला पाळतो? तीन आली त्या साली एका घराचं लग्न त्यावर झालं. पण ज्याची एकच घोडी, त्याचं साल एक तर सोळा आणे, नाहीतर शून्य. म्हणून कर्ज काढून घोडी आणू नका. आणायचीच तर दोन-तीन घरांनी मिळून आणा, रात्रीची पाळी वाटून घेता येते. पहिलं वर्ष काहीच येणार नाही असं धरूनच वैरणीचा हिशेब करा. व्यायच्या महिनाभर आधी धनुर्वाताची लस टोचून घ्या. आणि रात्री येईल असा डॉक्टर आधी शोधा, घोडी नंतर. फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा १९६२ हा नंबर आहे, तो लिहून ठेवा. पण रात्री एकला तिकडून कोण येतं, हे घोडी आणायच्या आधी आपल्या तालुक्यात विचारून घ्या. जिल्ह्याच्या मागण्यांच्या यादीत रात्रपाळीच्या पशुवैद्याची मागणी घालावी, असं आमचं या बैठकीला सांगणं आहे. ती गाई-म्हशींनाही लागू आहे.

एवढं ऐकूनही ज्यांच्या मनातून घोडी जात नाही, त्यांनी फाल्गुनात आमच्याकडे यावं. दोन घोड्या टेकलेल्या आहेत. निरोप मिळाला की त्याच दिवशी निघा, आणि येताना घोंगडी आणा, तापीकाठी पहाटे थंडी असते.