सनदेविना विद्या



जव्हार-मोखाड्याच्या भागात जामसरला भरलेल्या या परिषदेचे अध्यक्षस्थान एका सनदी वकिलाला देण्यात आपला विश्वास किती आणि विनोद किती, याचा विचार मी एस.टी.तून येताना करीत होतो. कारण विधिसहायकाच्या ज्या प्रमाणपत्राची चर्चा आपण मांडली आहे, ते घेणारा मनुष्य वकिलाचा सहायक की वाटेकरी, याचा निवाडा आमच्या बाररूममध्ये अद्याप झालेला नाही.

विधिसहायकाचा अभ्यासक्रम आता दुर्मीळ राहिलेला नाही. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठानेही पॅरालीगल प्रॅक्टिसची पदविका काढली. प्रश्न एवढाच की, बारावी झालेल्या आपल्या मुलामुलींनी ती वाट धरावी काय. खर्च म्हटला की फी डोळ्यांपुढे येते, परंतु फी हा त्यातला लहान आकडा आहे. आठवड्यातून दोन दिवस वर्गाला जाणाऱ्याचे वर्षाकाठी शंभरावर दिवस जातात, आणि ज्या घरात दिवाळीनंतर भिवंडी-वसईच्या वीटभट्टीवर जाण्यासाठी उचल घेतलेली असते, त्या घरात शंभर दिवसांची मजुरी म्हणजे पावसाळ्याचे धान्य होय.

मग मोबदला काय? टिळक डेक्कन एज्युकेशन सोसायटीतून १८९० साली बाहेर पडल्यावर उपजीविकेसाठी पुण्यात कायद्याचा वर्ग चालवीत. त्या वर्गातून परीक्षा उतरलेल्यास वकिलीची सनद मिळे आणि सनदेबरोबर अन्नही मिळे. आजच्या विधिसहायकाची गोष्ट वेगळी आहे. १९६१च्या अधिवक्ता कायद्याने वकिलीचा हक्क केवळ नोंदणीकृत वकिलांपुरता राखून ठेवला, त्यामुळे हे प्रमाणपत्र कितीही उत्तम गुणांनी मिळविले तरी पक्षकाराचा वकील म्हणून कोर्टात उभे राहण्याचा अधिकार त्यातून उत्पन्न होत नाही. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने २००९ साली विधी स्वयंसेवकांची योजना आणली खरी, पण तिच्यात वेतन नाही. कामाच्या दिवसापुरते मानधन आहे, आणि निवडीसाठी या पदविकेची अटही नाही. तेव्हा माझे मत स्पष्ट सांगतो: नोकरीच्या आशेने कोणी शेळ्या विकून वा कर्ज काढून हा अभ्यासक्रम करू नये.

एवढे बोलून मी खाली बसलो असतो, जर वनहक्काच्या दाव्यांची दप्तरे मी पाहिली नसती. २००६च्या वनहक्क कायद्याने १३ डिसेंबर २००५पूर्वीपासून वनजमीन कसणाऱ्या आदिवासीला चार हेक्टरांपर्यंतचा हक्क मान्य केला, आणि पुराव्याची अट सौम्य ठेवली: नियमांत सांगितलेल्या प्रकारांपैकी दोन पुरावे पुरेत, आणि त्यांत गावातल्या वयोवृद्धाची लेखी घेतलेली जबानीही चालते. ज्या जंगलखात्याच्या दंडाच्या पावतीने बापाची झोप उडविली, तीच पावती आज मुलाच्या कबजाची साक्ष देते. पण ती पावती फेकू नये, कौलाखालच्या डब्यातून काढून दाव्याला जोडावी, हे सांगणारा कोणीतरी पाड्यात असावा लागतो. दावा नामंजूर झाला तर कारण लेखी मागता येते, साठ दिवसांच्या मुदतीत अपील करता येते. आणि मी पाहिलेल्या कित्येक दप्तरांत मुदत टळली, ती कायद्याच्या दोषामुळे नव्हे, तर आलेली नोटीस वाचणारा माणूस तेव्हा भट्टीवर होता म्हणून. १९८७च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे अनुसूचित जमातीच्या माणसाला वकील विनामूल्य मिळतो, हेही येथे किती जणांस ठाऊक आहे? वकील फुकट आहे; त्याच्यापर्यंत कागद नीट लावून नेणारा मात्र कोठे नाही.

म्हणून या हिशेबाची वहीच मला चुकीच्या नावाने उघडलेली दिसते. शंभर दिवसांची मजुरी एका घराची बुडते आणि लाभ साऱ्या पाड्याला होतो. असा खर्च एका घराच्या नावे मांडला की तो सदैव तोट्याचाच दिसणार. पेसा म्हणजे अनुसूचित क्षेत्रांसाठीच्या पंचायत कायद्याखालील ग्रामपंचायतींना २०१५पासून आदिवासी उपयोजनेतील पाच टक्के अबंध निधी थेट मिळतो, आणि वनहक्क व पेसा यांची अंमलबजावणी हे त्या निधीच्या विहित प्रयोजनांपैकी एक आहे. त्यातून समाजमंदिरे रंगविली जातात, तशी एका मुलीची फी आणि तिची बुडीत मजुरी का दिली जाऊ नये? मुलगी म्हणालो ते जाणूनबुजून. वनहक्क समितीत एक तृतीयांश स्त्रिया असाव्यात असे नियम सांगतो, आणि दप्तर मात्र अजून पुरुषांच्याच पिशवीत असते.

हा खर्च त्या निधीतून करण्याचा ठराव ग्रामसभेत आणावा, अशी माझी आपणांस विनंती आहे. मात्र तो २ ऑक्टोबरच्या सभेत आणावा. २६ जानेवारीला निम्मा पाडा वीटभट्टीवर असतो.