बालाघाटातील सहल आणि तिचा काळ

(केंद्रस्तरावरील शिक्षण परिषदेत झालेले भाषण)



बीड जिल्ह्यातील प्राथमिक शाळांच्या सहली बहुधा मार्गशीर्ष-पौषात, म्हणजे डिसेंबर-जानेवारीत निघतात. पहिले सत्र संपलेले असते, पाऊस नसतो, रस्ते कोरडे असतात आणि हवा सुखद असते. केवळ सोय पाहिली तर या काळास दोष देता येणार नाही. परंतु त्याच महिन्यांत या जिल्ह्यातील सहस्रावधी मुले शाळेत नसतात. ती आईबापांबरोबर उसाच्या फडावर गेलेली असतात. आणि त्याच महिन्यांत सौताड्याचा धबधबा क्षीण होऊन कड्यावर कसाबसा टिकून असतो. सहलीतून मूलही वगळले जाते आणि पाणीही. शिक्षणाच्या दृष्टीने हे दोन्ही तोटे लहान नव्हेत, आणि दोहोंवरचा उपाय एकच आहे. तो असा, की सहल भाद्रपद-आश्विनात काढावी, आणि ती आपल्याच बालाघाटात काढावी.

डोंगरावरील रम्य स्थळ म्हटले की शिक्षकांच्या व पालकांच्या डोळ्यांपुढे महाबळेश्वर उभे राहते. ते स्वाभाविक आहे. 1828-29 च्या सुमारास मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी तेथे वसाहत वसविली, तेव्हापासून त्या स्थळाची कीर्ती वाढत गेली. सुमारे 1,370 मीटर उंची, वर्षाला सहा हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस, घनदाट सदाहरित वन, आणि जुन्या महाबळेश्वरी कृष्णेसह पाच नद्यांच्या उगमाचे मंदिर, असे हे वैभव आहे. बीडच्या मुलाने ते आयुष्यात एकदा अवश्य पाहावे. मात्र शेकडो किलोमीटर प्रवास करून कृष्णेचा उगम पाहून आलेल्या मुलास मांजरेचा उगम आपल्याच जिल्ह्यात आहे हे ठाऊक नसावे, हा प्रकार विचार करावयास लावणारा आहे. शिवाय दूरच्या सहलीचा खर्च प्रत्येक घरास झेपतोच असे नाही. वर्गातील निम्मी मुले जातात, निम्मी राहतात, आणि परतलेल्यांच्या गोष्टी ऐकणे एवढेच उरलेल्यांच्या वाट्यास येते.

बालाघाट हा महाबळेश्वराशी उंचीत किंवा हिरवाईत स्पर्धा करणारा डोंगर नव्हे. येथील पाऊस महाबळेश्वरच्या जेमतेम दशांशाने पडतो, तोही लहरी. पण या डोंगराने जिल्ह्याचे दोन भाग केले आहेत. गेवराई व माजलगाव हे गोदावरीच्या बाजूचे सखल, काळ्या मातीचे प्रदेश. पाटोदा, केज, अंबाजोगाई हे वरच्या पठारावरील, हलक्या व मुरमाड जमिनीचे. बीड शहराहून निघालेली एसटी मांजरसुंब्याचा घाट चढू लागली की मुलास हा भेद डोळ्यांनी दिसतो. मातीचा रंग पालटतो, पिके खुजी होतात, वारा मोकळा लागतो. पुस्तकातील ‘पठार’ हा शब्द शिकविण्यास याहून चांगली जागा शोधूनही सापडणार नाही, आणि तिच्यासाठी एसटीचे तिकीट फार लागत नाही.

या पठारावरील खरे आश्चर्य पाटोदा तालुक्यात आहे. मांजरा नदी पाटोद्याच्या डोंगराळ भागात, गवळवाडीजवळ, समुद्रसपाटीपासून सुमारे 823 मीटर उंचीवर उगम पावते आणि पूर्वेकडे निघते. सातशे किलोमीटरांहून अधिक प्रवास करून, महाराष्ट्रातून कर्नाटकातील बिदर जिल्ह्यात व तेथून तेलंगणात शिरून, ती अखेर गोदावरीस मिळते. सिंदफणाही याच डोंगरात जन्मते; पण ती उत्तरेकडे उतरते आणि माजलगाव तालुक्यात मंजरथ येथे गोदावरीस मिळते. विंचरणेची वाट मात्र अगदी वेगळी आहे. ती दक्षिणेकडे वळून सीनेस मिळते, सीना सोलापूर जिल्ह्यात हत्तरसंग-कुडल येथे भीमेस मिळते, आणि भीमा कृष्णेस. (याच कुडलच्या संगमेश्वर मंदिरात शके 940, म्हणजे इ. स. 1018 चा, मराठीतील अत्यंत जुन्या लेखांपैकी एक शिलालेख आहे. वरच्या वर्गांसाठी ही गोष्ट राखून ठेवण्याजोगी आहे.) म्हणजे पाटोद्याच्या एका माळावर शेजारी शेजारी पडलेले दोन थेंब, एक गोदावरीच्या मुखाने समुद्रास मिळेल, दुसरा कृष्णेच्या. जलविभाजक ही संज्ञा फळ्यावर लिहून मुलांकडून पाठ करवून घेण्यापेक्षा, त्या माळावर उभे राहून मुलांना विचारावे की येथे सांडलेले तांब्याभर पाणी कोणीकडे जाईल. मुले भांडतील, आणि ते भांडण होऊ द्यावे.

विंचरणेचे पाणी जेथे एकाएकी खाली कोसळते ते स्थळ सौताडा. बीडहून पाटोद्यावरून जामखेडकडे जाताना हे गाव लागते. सपाट माळावरून चालत असता पुढे दरी आहे याची कल्पनाही येत नाही. मग पायापुढील जमीन तुटते आणि खाली खोल, झाडीने भरलेली दरी दिसते. तळाशी रामेश्वराचे मंदिर आहे. यात्रेकरू दर्शन घेऊन व धबधबा पाहून परततात. शाळेने त्यांहून थोडे अधिक पाहावे. कड्याचा काळा पाषाण नीट न्याहाळला तर तो एकसंध नसून थरांचा आहे हे मुलांच्या ध्यानी येते. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून तप्त रस वारंवार बाहेर पडून पसरला व थिजला. त्याचे हे थर. काही थर कठीण, तर काही सच्छिद्र व ठिसूळ. ठिसूळ थरांतील पोकळ्यांत पुष्कळदा पांढऱ्या गारा जमलेल्या असतात. पडणारे पाणी खालचा ठिसूळ थर पोखरते, वरचा कठीण थर आधार सुटल्यामुळे कालांतराने तुटून पडतो, आणि धबधबा एकेक पाऊल मागे सरकतो. दरीतील अस्ताव्यस्त शिळा या त्या तुटण्याच्या खुणा होत. ही गोष्ट तिसरी-चौथीच्या मुलासही समजते. किंबहुना गारा हाताळावयास मिळाल्या की त्यास ती शिक्षकांपेक्षा लवकर समजते.

कपिलधार बीड शहरास अधिक जवळ, मांजरसुंब्याच्या बाजूस आहे. वीरशैव संतकवी मन्मथस्वामी यांची समाधी आणि तिच्या लगतचा धबधबा असे दोन्ही तेथे एकत्र आहेत. कार्तिकी पौर्णिमेच्या यात्रेस कर्नाटक-तेलंगणातूनही भाविक येतात. यात्रेच्या गर्दीत लहान मुले नेऊ नयेत. त्याआधी महिना-दीड महिना हे स्थळ शांत व भरल्या पाण्याचे असते. एका दिवसात जाऊन येण्यास बीड तालुक्यातील शाळांना ते सोयीचे आहे, आणि मुलांचे लहान वर्ग असतील तर सौताड्यापेक्षा हेच बरे.

पाटोदा तालुक्यातच नायगावचे मयूर अभयारण्य आहे. सुमारे 30 चौरस किलोमीटरांचे हे क्षेत्र 1994 मध्ये अभयारण्य म्हणून घोषित झाले. येथे उंच वृक्षांचे अरण्य पाहावयास मिळेल अशी अपेक्षा धरून गेलेला मनुष्य निराश होईल; बोर, बाभूळ, खैर, तरवड अशी काटेरी व खुरटी झाडी येथे आहे, आणि मोरास तीच मानवते. आश्विनात मोर पाहू जाणाऱ्या मुलांना एक गोष्ट आधी सांगून ठेवावी लागते. पावसाळा सरू लागला की मोर पिसारा झाडतो. त्यामुळे चित्रातील मोर तेव्हा क्वचितच दिसतो. दिसतो तो बोडक्या शेपटीचा. ‘गुरुजी, हा मोर नाहीच,’ असे म्हणणारे मूल हमखास निघते. पिसारा दरवर्षी नवा येतो, हे सांगण्याची हीच वेळ. गळालेले पीस पाहावे, मोजावे, आणि तेथेच ठेवावे. अभयारण्यातून काहीही उचलून आणू नये. वनविभागाची परवानगी आधी घ्यावी, आणि सकाळी लवकर पोहोचावे, कारण उन्हे चढल्यावर मोर झुडपांत शिरतो.

अंबाजोगाईचा विषय स्वतंत्र भाषणाचा आहे. तेथील जयंती नदी, शहराबाहेरील दरीत असलेली मुकुंदराजांची समाधी, आणि हत्तीखाना नावाने ओळखली जाणारी कोरीव लेणी, ही एका दिवसात पाहता येतात. सौताड्यास जो पाषाण पाण्याने कापलेला पाहिला, तोच येथे छिन्नीने कापलेला दिसतो. एवढा धागा मुलांच्या हाती दिला तरी पुरे.

आता काळाविषयी. दसरा झाला की गावोगावी मुकादमांच्या गाड्या उभ्या राहतात. उचल घेतलेली जोडपी टोळीत सामील होतात. ‘एक कोयता’ म्हणजे नवरा-बायको मिळून एक, अशी या धंद्यातील गणती आहे. त्यांच्याबरोबर मुलेही जातात. पट्टा पडेपर्यंत, म्हणजे फाल्गुन-चैत्रापर्यंत, त्यांचे घर म्हणजे कारखान्याच्या परिसरातील कोपी. काही मुलांना गावातच ठेवून घेण्यासाठी हंगामी वसतिगृहांची योजना आहे, आणि जेथे शिक्षकांनी घरोघर जाऊन पालकांची समजूत घातली तेथे तिचा उपयोगही झाला आहे. तरीही पुष्कळ मुले जातात. वयाने मोठ्या मुलीस तर धाकट्या भावंडास सांभाळण्यासाठी नेले जाते. ही मुले पटावर असतात; स्नेहसंमेलनात, क्रीडास्पर्धांत आणि डिसेंबरच्या सहलीत मात्र नसतात. वर्षानुवर्षे शाळेतील सर्व आनंदाचे प्रसंग आपण नसताना घडतात, हे त्या मुलांना कळत नसेल असे समजणे चुकीचे आहे.

म्हणून गणेशोत्सवानंतर, पण दसऱ्यापूर्वी, पाऊस उघडलेला पाहून सहलीचा दिवस धरावा. त्या दिवसांत तरवड पिवळा फुललेला असतो आणि डोंगरउतारांवर सीताफळे डोळे उघडू लागतात. बालाघाटातील हे रानमेव्याचे फळ इतके नावाजलेले आहे, की बीडच्या सीताफळास 2016 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले.

या काळास एक गंभीर आक्षेप आहे, आणि तो डावलून चालणार नाही. भाद्रपदात मराठवाड्यात मोठा पाऊस होऊ शकतो. सप्टेंबर 2025 मध्ये सीना व अन्य नद्यांना आलेले पूर सर्वांच्या स्मरणात आहेत. डोक्यावर ऊन असतानाही वरच्या माळावर पाऊस झालेला असला तर ओढ्याचे पाणी पाहता पाहता चढते. यास्तव आदल्या दोन दिवसांत मोठा पाऊस झाला असेल, किंवा हवामान खात्याचा इशारा असेल, तर सहल निःसंकोच पुढे ढकलावी. एसटीची गाडी ठरली आहे एवढ्यासाठी जाऊ नये. धबधब्याखालील डोहात कोणत्याही मुलास, पोहता येत असले तरी, उतरू देऊ नये. शेवाळलेल्या शिळांवरून व कड्याच्या काठावरून दूर राहावे, आणि मोबाइलवर छायाचित्र काढण्यासाठी शिक्षकांनीही काठाशी जाऊ नये. मुले शिक्षकांचे अनुकरण करतात. कड्यांवर आग्या मोहोळे असण्याचा संभव असतो, तेव्हा धूर व आरडाओरडा टाळावा. मुलांचे लहान गट करून प्रत्येक गटामागे एक मोठा मनुष्य असावा. गावातील दोन-तीन पालक सोबत घेतले तर ते या भूमीचे जाणते असतात आणि झाडांची नावेही तेच अधिक अचूक सांगतात.

सहलीनंतर वर्गात जिल्ह्याचा व शेजारच्या जिल्ह्यांचा मोठा नकाशा मुलांकडून काढून घ्यावा. पाटोद्याच्या माळावरून तीन नद्या निघालेल्या दाखवाव्यात आणि प्रत्येक नदी जेथवर जाते तेथवर रेघ न्यावी. या कामात एक गोष्ट प्रत्ययास येते. पावसाळ्यात सौताड्यावरून खाली गेलेले पाणी ज्या सीना-भीमेच्या खोऱ्यात जाते, त्याच खोऱ्यातील साखर कारखान्यांवर या जिल्ह्यातील कितीतरी टोळ्या जातात. काही त्याही पुढे कृष्णाकाठी जातात. त्या नद्या वर्गात कोणी पाहिलेल्या असतील तर त्या याच मुलांनी. गाडी कोणत्या घाटाने उतरते, नदी कोठे ओलांडावी लागते, कोपीपासून पाणी किती दूर आहे, हे त्यांना ठाऊक असते. एरव्ही मागील ओळीत बसणारे, वाचनात मागे पडलेले मूल नकाशापुढे उभे राहून इतरांना रस्ता दाखवू शकते. त्यास तो नकाशा दाखवू द्यावा आणि त्याने सांगितलेली गावांची नावे त्याच्याच हाताने लिहून घ्यावीत. लिहिण्यात चुका झाल्या तर त्या नंतर सुधारता येतील.

सहलीचा अहवाल केंद्रप्रमुखांकडे पाठविताना खर्चाच्या तक्त्याबरोबर तीन आकडे अवश्य द्यावेत: वर्गाच्या पटावरील मुले किती, सहलीस आलेली किती, आणि आलेल्यांपैकी दसऱ्यानंतर फडावर जाणाऱ्या घरांतील किती. डिसेंबरात सहल नेणाऱ्या शाळांनीही हेच तीन आकडे द्यावेत.