मोबाईलवरची तकरार

(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात, दिंडोशी येथे केलेले भाषण)



मी वाणिज्य शाखेच्या पदवी वर्गांना हिशेबशास्त्र शिकवतो. मुलांच्या हाती मोबाईल आला आणि अभ्यास बुडाला, अशी आपणा पालकांची तक्रार असते. ती खोटी आहे असे मी म्हणणार नाही. पण हा ‘तक्रार’ शब्दच आज माझ्या कामाला आला आहे. मराठीत त्याचा अर्थ गाऱ्हाणे. शब्द मूळचा अरबी, आणि तिथे त्याचा अर्थ पुन्हा पुन्हा सांगणे असा आहे. मदरशांत उस्तादांचा सबक संपला की मुले लहान लहान घोळके करून बसतात. एकजण तोच धडा सांगतो, बाकीचे त्याला अडवतात, शंका विचारतात. याला तकरार म्हणतात. पदवीच्या वर्गांत ही सोय उरली नाही. तास संपला की मुलगा नोकरीवर पळतो आणि मुलगी घरकामाला लागते.

मुंबई विद्यापीठाने १९७१ साली पत्रद्वारा शिक्षण सुरू केले. नोकरदारांची आणि गृहिणींची त्याने मोठी सोय झाली. पुस्तके टपालाने घरी येत. परंतु त्याच धड्याशी झगडणारा दुसरा विद्यार्थी शेजारच्या चाळीत राहत असला तरी त्याचा पत्ता लागणे कठीण होते. आज व्हॉट्सअ‍ॅपच्या एका गटात १,०२४ माणसे बसू शकतात. गर्दी जमली म्हणजे तकरार झाली असे मात्र नव्हे. आमच्या वर्गाच्या गटावर पहिले काही महिने दुसऱ्याच्या वहीची छायाचित्रे आणि ‘महत्त्वाचे प्रश्न’ एवढेच फिरत होते. ही नुसती हमाली! इकडचा माल तिकडे, गाठोडे कोणी सोडून पाहत नव्हते.

मग एका रात्री एका मुलीने विचारले, ‘खिशातून पैसा गेलाच नाही, मग घसारा खर्च कसा?’ प्रश्न साधा, पण विचारायला धीर लागतो. उत्तर दिले पठाणवाडीतल्या एका मुलाने, बोलून पाठवलेल्या संदेशात. त्याचे वडील रिक्षा चालवतात. तो म्हणाला, ‘समज, रिक्षा दोन लाखांची आणि ती दहा वर्षे चालणार. म्हणजे दर वर्षी वीस हजारांची रिक्षा झिजते. अब्बांनी ते मोजले नाही आणि सगळी कमाई नफा समजून खर्चली, तर दहाव्या वर्षी रिक्षाही नाही आणि पैसाही नाही.’ मी वीस वर्षे घसारा शिकवतो आहे. इतक्या थोड्या शब्दांत मला तो कधी सांगता आला नव्हता.

पण पुढचेही सांगितले पाहिजे. लगेच वर्गातल्या सर्वांत हुशार मुलाने लिहिले की, म्हणजे घसाऱ्याचे पैसे बँकेत वेगळे जमा होतात. हे चूक आहे. घसारा खर्ची लिहिल्याने रोकड आपोआप बाजूला पडत नाही. तेवढा नफा कमी दिसतो, इतकेच. पण हुशार मुलाला खोडणार कोण? मुले आपसांत शिकत आहेत म्हणून मी कौतुकाने गप्प राहिलो आणि चाचणीत निम्म्या वर्गाने तेच लिहिले. दोष माझा होता.

हार्वर्डमधील पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक एरिक मझूर यांनी १९९१ च्या सुमारास वर्गात एक रीत सुरू केली. प्रश्न टाकायचा, प्रत्येकाने आधी एकट्याने उत्तर द्यायचे, मग शेजाऱ्याशी वाद घालायचा आणि पुन्हा उत्तर द्यायचे. आम्ही तीच रीत मोबाईलवर आणली. संध्याकाळी प्रश्न जातो तेव्हा गट बंद असतो. उत्तरे फक्त माझ्याकडे येतात, त्यामुळे कोणाला हुशार मुलाची नक्कल करता येत नाही. साडेनऊला गट खुला होतो, वाद होतो आणि साडेदहाला मी चूक-बरोबर सांगतो. साडेनऊच का? तर काही मुलींच्या घरी फोन एकच. तो भाऊ कामावर घेऊन जातो आणि नऊच्या सुमारास परततो.

तीन मुली गटात आल्याच नव्हत्या. आपला क्रमांक साऱ्या वर्गाला दिसेल, हे त्यांच्या घरच्यांना मान्य नव्हते. मला ही भीती अनाठायी वाटत नाही. नको त्या वेळी नको ते संदेश आल्याच्या कहाण्या आपण ऐकतो. त्या मुलींसाठी एका शिक्षिकेने वेगळा गट चालवला आणि तिथली प्रश्नोत्तरे, नाव न सांगता, मोठ्या गटात येऊ लागली. त्यांतल्या एकीच्या शंका इतक्या नेमक्या असत की मुले विचारू लागली, हे कोण विचारते?

पालकांकडे माझे मागणे एवढेच, की रात्रीचा तो एक तास फोन मुलीच्या हाती द्या आणि हवे तर शेजारी बसून ऐका. संस्थेकडे मागणे असे, की ज्यांच्या घरी तेवढेही जमत नाही अशा मुलामुलींसाठी वाचनालयाची खोली रात्री साडेदहापर्यंत उघडी ठेवावी आणि तिथे दोन फोन कायमचे ठेवावेत. नवेच असले पाहिजेत असे नाही. आज सभागृहात बसलेल्यांपैकी कोणाच्या कपाटात चालू स्थितीतला जुना फोन पडून असेल, तर सभा संपल्यावर मी दाराशी उभा आहे.