पात्यावरील लाट

जपानी तलवारीचे रसग्रहण करावयाचे, तर म्यान, मूठ आणि परज उतरवून केवळ उघडे पाते दिव्याच्या उजेडात तिरपे धरावे, हा तेथील जाणत्यांचा जुना दस्तूर आहे; कारण ज्या सौंदर्याची पारख ते पिढ्यान्‌पिढ्या करीत आले, ते जडावाच्या कामात नसून पोलादाच्या अंगात आहे.

हे पोलाद परंपरेने इझुमोच्या मुलुखातील लोहयुक्त वाळूपासून निघते. मातीच्या भट्टीत वाळू आणि लोणारी कोळसा तीन अहोरात्र घालीत राहिल्यावर जो ओबडधोबड गोळा हाती येतो, त्याचे निवडक तुकडे घणाखाली ठोकून, पुनःपुन्हा घडी घालून लोहार त्यातील मळ काढतो आणि बहुधा कठीण कवचाच्या आत मऊ लोखंडाचा गाभा बसवितो, म्हणजे पाते धार धरते, परंतु आघाताने मोडत नाही.

खरी कसोटी पाणी देण्याची. पाठीवर मातीचा जाड लेप आणि धारेवर पातळ देऊन, अंधाऱ्या लोहारशाळेत तापल्या पात्याचा रंग केवळ नजरेने जोखून ते पाण्यात बुडविले, की धार तत्क्षणी निवून कठीण होते, पाठ सावकाश निवून चिवट राहते आणि या ओढाताणीत पात्याचा बाक वाढतो. कित्येक पाती याच वेळी तडकून वाया जातात. कठीण आणि चिवट भागांच्या सीमेवर उमटणारी पांढुरकी लाट, जपानी लोकांचे ‘हामोन’, हीच डोळ्यांनी सावकाश वाचावयाची. बिझेनच्या लोहार-घराण्यात ती लवंगेच्या कळ्यांसारखी फुलते. सागामीच्या मासामुने या लोहाराच्या हातची असेल, तर तीत तेजस्वी कण विखुरलेले दिसतात. मात्र हे सारे उजेडात आणतो तो शिकलगार, आणि त्याचे श्रेय लोहाराहून फारसे उणे नाही, असे माझे मत आहे. मुठीत दडणारा भाग तो मुद्दामच घाशीत नाही, कारण तेथील गंजावरून पारखी पात्याचे वय ताडतात.

तलवार म्हणजे सामुराईचा आत्मा, हे आपण ऐकलेले असते. परंतु रणांगणावर भिस्त अधिक होती ती धनुष्य आणि भाला यांवर, आणि तलवारीस हे आध्यात्मिक तेज चढले ते मुख्यतः तोकुगावांच्या अमलातील दीर्घ शांततेत, जेव्हा कमरेच्या दोन तलवारी लढण्याच्या साधनापेक्षा दर्जाची निशाणी अधिक झाल्या. तलवार कमरेस लावण्यास बंदी करणाऱ्या १८७६ च्या फर्मानाने ती निशाणीही गेली. पुष्कळ लोहार सुऱ्या-विळ्यांकडे वळले. ओसाकाच्या गस्सान सादाकाझूने मात्र आपली विद्या सोडली नाही, आणि १९०६ साली त्याची सम्राटांच्या दरबारी कलावंतांत नेमणूक झाली.