फोटोखालची ओळ

(भोसरी येथे उपासनेनंतर, निसर्गफेरीला निघणाऱ्या सभासदांपुढे केलेले भाषण)



भोसरीच्या तळ्याकाठी आपण बगळे, खंड्या, घारी पुष्कळ टिपल्या. येत्या शनिवारी कॅमेरे घेऊन भीमाशंकरच्या वाटेवरील ठाकरवाडीत जायचे आहे. नशीब असेल तर शेकरू दिसेल. त्याआधी एका घुबडाची हकिकत सांगतो.

रानपिंगळा हे खानदेशातले लहानसे घुबड. 1884 मध्ये जेम्स डेव्हिडसन या मुलकी अधिकाऱ्याने त्याचा नमुना मिळवला. पुढे कर्नल माइनर्ट्‌झहागेन यांनी हा पक्षी आपल्याला 1914 मध्ये गुजरातेत मिळाल्याचे सांगितले. खरे तर तो संग्रहालयातून चोरलेला जुनाच नमुना होता. चिठ्ठी तेवढी नवी! त्या चिठ्ठीवर विसंबून अभ्यासक भलतीकडेच शोधत राहिले. पामेला रासमुसेन यांनी ही लबाडी उघडकीस आणली. नोव्हेंबर 1997 मध्ये त्या सोबत्यांसह शहाद्याजवळ गेल्या, तर पिंगळा दिवसाढवळ्या झाडावर बसलेला. 113 वर्षांनी.

चिठ्ठ्या आपणही लिहितो. मिशनच्या पत्रकांत फाटक्या सदऱ्यातले मूल आणि खाली ‘गरीब आदिवासी बालक’. अशा फोटोंवर देणग्या येतात, हे मला ठाऊक आहे. पण तेच मूल नुसत्या आवाजावरून तांबट ओळखते. आपल्याला पाने दिसतात, त्याला पानांआडचा हरियाल दिसतो. हे त्या ओळीत कुठे आहे? उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात देवाने आदामाकडे पशुपक्ष्यांना नावे देण्याचे काम सोपवले. नाव देणे ही जबाबदारी आहे, भावांनो.

म्हणून शनिवारी माणसाचा फोटो विचारल्याशिवाय काढायचा नाही. मुलाचा असेल तर आईबापांना विचारायचे. नको म्हणाले तर नको. वाट दाखवणाऱ्या तरुणांना दिवसाची मजुरी द्यायची, आणि त्यांची हरकत नसेल तर पक्षी कोणी दाखवला तेही फोटोखाली लिहायचे. मोबाइलवर पक्ष्यांचे आवाज वाजवायचे नाहीत. घरट्यांपासून लांब राहायचे. अंडी-घरट्यांना छेडणे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानेही गुन्हा आहे.

गाडी पहाटे साडेपाचला निघेल. भडक कपडे नकोत. गेल्या वर्षी वाडीत काढलेले फोटो ज्यांच्याकडे आहेत त्यांनी प्रती छापून आणाव्यात. तिथल्या एका आजींनी दोनदा निरोप पाठवला आहे.