शेत गहाण टाकण्याआधी

मी पाटनहून बोलतोय. जबलपूर जिल्ह्यातला हा तालुका मटारासाठी ओळखला जातो. इथल्या आमच्यासारख्या मोजक्या घरांत अजून मराठी बोलतात. इलेक्ट्रिकलची पदवी घेतलेली मुलं माझ्याकडे सल्ल्याला येतात. एका मुलाच्या वडिलांनी मला सरळ विचारलं, "सर, पोराला अमेरिकेत एमएस करायचंय. पाच एकर गहाण टाकू का?"

आपण हिशोब करू. समजा, ४० लाखांचं कर्ज, व्याज ११ टक्के आणि मुदत १० वर्षं. हप्ता महिन्याला सुमारे ५५ हजार येतो. शिवाय शिकत असतानाचं व्याज मुद्दलात चढतं, म्हणजे खरा हप्ता याहून मोठा. तिकडे नोकरी लागली तर हे फिटतं. पण नोकरी न लागता मुलगा परत आला, तर इथल्या पहिल्या पगारातून एवढा हप्ता निघत नाही. म्हणून मी त्यांना म्हटलं, "मुलगा रिकाम्या हाताने परत आला तरी घर हा हप्ता भरू शकेल का, ते आधी ठरवा. उत्तर 'नाही' असेल, तर जमिनीला हात लावू नका." पण याचा अर्थ शिक्षण थांबवा, असा नाही. दुसरे रस्ते आहेत.

पहिला रस्ता गेटचा. परीक्षा तीन तासांची, १०० गुणांची. गुणांकन तीन वर्षं चालतं. त्यावर आयआयटी किंवा एनआयटीत एमटेकला प्रवेश मिळाला, तर महिन्याला १२,४०० रुपये विद्यावृत्ती मिळते. दोन वर्षांचे २,९७,६०० होतात. चैन होत नाही, पण खर्चाचा मोठा भार उतरतो. आयआयटीसाठी 'कोॲप' आणि एनआयटीसाठी 'सीसीएमटी' अशी वेगवेगळी नोंदणी करावी लागते. निकाल लागल्यावर मुलं एकच करतात आणि दुसरी संधी घालवतात. पुढे पीएचडी केली, तर २०२३ पासून कनिष्ठ संशोधकाला दरमहा ३७,००० आणि वरिष्ठाला ४२,००० असा दर आहे.

"इथेच शिकून काय होणार?" असं कोणी म्हटलं, तर विजय भटकरांचं नाव सांगा. अकोला जिल्ह्यातलं मुरंबा हे त्यांचं गाव. पदवी नागपूरची, पदव्युत्तर शिक्षण बडोद्याचं, पीएचडी आयआयटी दिल्लीची. त्यांच्याच नेतृत्वाखाली पुण्याच्या सी-डॅकने १९९१ मध्ये 'परम ८०००' हा महासंगणक उभा केला.

दुसरा रस्ता परदेशातल्या पीएचडीचा. अमेरिकेत एमएस बहुतेक वेळा स्वतःच्या खर्चाने करावी लागते. पीएचडीला मात्र बऱ्याच विद्यापीठांत शिकवण्याच्या किंवा संशोधनाच्या कामाबदल्यात फी माफ होते आणि वर पगार मिळतो. बीई झाल्यावर थेट अर्ज करता येतो. जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांत फी नाही किंवा थोडी आहे. पण व्हिसासाठी एपीएस प्रमाणपत्र लागतं, आणि वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो आधीच ब्लॉक्ड अकाउंटमध्ये दाखवावे लागतात. १८९२ पासून चालू असलेली जे. एन. टाटा एंडोमेंटची कर्जशिष्यवृत्तीही बघा.

आता अर्जाबद्दल. उद्देशपत्राची सुरुवात "मला लहानपणापासून विजेची आवड" अशी करू नका. असं सगळेच लिहितात. आपल्या गावातला प्रश्न घ्या. रब्बीत सगळे पंप एकदम चालू होतात आणि फीडरच्या शेवटच्या टोकाला व्होल्टेज पडतं. पाणी तेवढंच उचलायचं असल्यामुळे मोटर जास्त करंट ओढते आणि वाइंडिंग जळतं. सौर पंप वाढले तर त्या टोकाचं व्होल्टेज सावरेल का? महिनाभर दिवसातून तीनदा मीटर लावून नोंदी ठेवा, आलेख काढा, आणि तो अर्जात मांडा. प्राध्यापकाला हे चकचकीत शब्दांपेक्षा जास्त पटतं. शिफारसपत्र मागताना सरांना ही वही दाखवा, म्हणजे त्यांनाही लिहायला काही मिळेल.

वेळापत्रक असं ठेवा. अंतिम वर्षाच्या जूनमध्ये विषय ठरवा. ऑगस्टपर्यंत सरांशी बोला. गेटचा अर्ज साधारण ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सुटतो, परीक्षा फेब्रुवारीत होते. अमेरिकेच्या पीएचडीच्या तारखा बहुधा डिसेंबरमध्ये असतात. आर्थिक मदतीसह जागा देणारी बरीच विद्यापीठं तुम्हाला १५ एप्रिलपर्यंत निर्णयाची मुदत देतात, त्याआधी घाईने होकार देऊ नका. अर्जाची फी एकेका ठिकाणी शंभर डॉलरच्या आसपास जाते, म्हणून पाच-सहाच ठिकाणं निवडा आणि फीमाफी आहे का ते विचारा.

आईवडिलांनो, एजंटकडे जाण्याआधी वही घेऊन मुलांसोबत एक संध्याकाळ बसा. एका बाजूला खर्च लिहा, दुसऱ्या बाजूला येणारा पैसा, आणि तिसऱ्या बाजूला सगळं फसलं तर काय करायचं ते. ही तिसरी बाजू भरल्याशिवाय कुठल्याही कागदावर सही करू नका. शुभेच्छा.